गुलाबी न होणाऱ्या नळ्या

माझ्या आयुष्यातली तीन वर्षं एका विकरापायी गेली. विकर हा शब्द शाळेच्या पुस्तकातला. आमच्या लॅबमध्ये तो कुणी उच्चारला असता तर चारजणांनी मागे वळून पाहिलं असतं. तिथे सगळे एन्झाइमच म्हणत. हे माझं एन्झाइम एका जिवाणूच्या पेशीत राहायचं आणि त्याला जन्मभर एकच काम होतं. ग्लुकोजपासून तयार होणारं एक आम्ल असतं, ग्लुकोनिक आम्ल. त्याच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू काढून घ्यायचा, बस्स. तेवढं पाणी गेलं की त्या आम्लाचं दुसरंच काहीतरी होतं, मग पुढचं एन्झाइम ते तोडतं आणि जिवाणूचं पोट भरतं.

आईला मी हे एकदा भाजी निवडता निवडता समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "पाणी काढून घेतो म्हणजे वाळवतो का? सांडग्यांसारखं?"

"वाळवत नाही गं. सगळं पाण्यातच चालतं. पाण्यात बसूनच पाणी काढतो."

"मग त्यात त्याने मोठं काय केलं?" असं म्हणून तिने मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. मी ती सोडून निवडायला घेतली.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. बोरिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमचं कॉलेज होतं. गच्चीवर गेलं की पलीकडे गोराईची झाडं दिसायची. मी तिथे एमएस्सी करत होते, पेपर देऊन नव्हे तर संशोधन करून, आणि याचा मला भारी तोरा होता. माझा जिवाणूसुद्धा मी स्वतः शोधला होता. बाजारात सडक्या चिकूंचा ढीग पडायचा त्याखालच्या मातीतून. तो वाढवायचा, बर्फावर ठेवलेल्या खलात काचेच्या भुकटीबरोबर घोटून फोडायचा आणि त्याचा रस काढायचा. बर्फ मासळीबाजारातून यायचा. त्यामुळे माझ्या विज्ञानाला कायम बोंबलाचा वास असे.

एन्झाइम काम करतंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते ओळखायची एक रीत होती. जिवाणूचा रस आणि ग्लुकोनिक आम्ल टेस्टट्यूबमध्ये एकत्र ठेवायचं, मग एकामागून एक तीन रसायनं घालायची आणि शेवटी त्या नळ्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात उभ्या करायच्या. पाणी निघालं असेल तर नळीत गुलाबी रंग चढतो. कोकम सरबतात पाणी जास्त पडलं की होतो ना, तसा. पाणी निघालं नसेल तर नळी आपली पांढरी ती पांढरीच.

पाण्याचीच सगळी रड होती. कॉलेजात महापालिकेचं पाणी सकाळी दोन तास यायचं. तेवढ्यात आमचं काचेचं डिस्टिलेशनचं यंत्र चालवून घ्यायचं, कारण त्याला थंड ठेवायला नळ सतत वाहता लागायचा. दोन तासांत जेमतेम एक मोठी बाटली शुद्ध पाणी जमायचं. त्यातून दिवसभराची सगळी द्रावणं करायची. इतर कामांसाठी आवारातल्या विहिरीचं पाणी पंपाने वर चढवलेलं होतं. त्या नळाला कुणीतरी लाल रंग फासून ठेवला होता, पिऊ नये म्हणून. खाडी जवळ, त्यामुळे पाणी मचूळ. त्याने हात धुतले तर साबणाला फेस यायचा नाही.

लॅबमधली काचेची भांडी धुवायला एक मावशी होत्या. मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणीतली नोकरी गेली आणि त्यांनी हे काम धरलं. नऊ वर्षं झाली होती, पण अजून तात्पुरत्याच. दर काही महिन्यांनी त्यांना एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने कामावर घ्यायचे, म्हणजे सलग नोकरी दिसायला नको. त्या एका दिवसाला मावशी 'माझी एकादशी' म्हणायच्या.

मला त्या आवडायच्या. गुलाबी रंगाला त्यांनी 'सोलां' असं नाव ठेवलं होतं, म्हणजे आमसुलं. दुपारी डबा खाऊन आल्या की दारातूनच ओरडायच्या, "काय गो बाय, सोलां इली काय आज?" आली असली की मी नळ्या उंच धरून दाखवायची. त्यांनाच त्याचा जास्त आनंद व्हायचा.

त्या वर्षी मावशींना कायम करायचा अर्ज निघाला. अर्ज इंग्रजीत होता, तो मीच त्यांच्यासाठी भरला. जन्मतारीख लिहिताना हिशेब केला तर त्यांना चव्वेचाळीस पुरी होऊन गेली होती. पंचेचाळीसनंतर कुणाला कायम करत नसत, आणि कमिटी वर्षातून एकदाच बसायची. म्हणजे ही शेवटची संधी. मावशी म्हणाल्या, "होऊ दे एकदाचं. कायम झाले की आजारी पडायची सुद्धा सोय होईल." त्या हसल्या, मीही हसले. त्यांच्या अंगठ्याच्या ठशाशेजारी 'सही' म्हणून मीच फुली मारून दिली. हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण मला काही ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माझं काम तेव्हा जोरात होतं. अशी एन्झाइमं सहसा मॅग्नेशियमशिवाय काम करत नाहीत, असं आम्ही वाचलं होतं. मी तपासून पाहिलं. निम्म्या नळ्यांत मॅग्नेशियम घातलं, निम्म्यांत नाही. दोन्हीकडे सारखाच गुलाबी रंग आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझ्या गाइड मॅडम कधी कुणाचं कौतुक करत नसत. वही पाहून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या एन्झाइमला धातूची गरज नाही. हे नवीन आहे." दक्षिणेतल्या एका शहरात परिषद होणार होती. मॅडमनी आमच्या कामाचा गोषवारा तिकडे पाठवून दिला, माझं नाव आधी घालून. मी दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हते.

आणि एवढ्यात मला नळ्यांच्या तळाशी डाग दिसले.

नळ्या ओव्हनमधून सुकून आल्या होत्या. उजेडात धरल्या तर तळाशी पांढुरकं काहीतरी वाळलेलं. मी मावशींना गाठलं. त्या बेसिनपाशी उभ्या होत्या आणि नळ्या लाल नळाखाली विसळत होत्या.

"मावशी! शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्याने करायचं, सांगितलंय ना?"

"अगो, तू सकाळपासून थेंब थेंब करून साठवतंस ता पाणी. ता मी धुण्यात घालू? तुका दुपारी पुरणार नाय."

मला त्यांचं म्हणणं ऐकूनच घ्यायचं नव्हतं. पहिल्या वर्षाची पोरं मागे उभी होती, आणि मी परिषदेला निघालेली शास्त्रज्ञ. "ह्याला धुणं म्हणतात?" मी म्हणाले. "घरचे टोप आहेत का हे?" मावशींनी नळ बंद केला आणि ओले हात पदराला पुसले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नळी त्या डिस्टिल्ड पाण्याने तीनदा विसळायला लागल्या. मी सांगितलं होतं तस्संच.

त्या आठवड्यात रंग गेला.

आधी वाटलं रस शिळा झाला असेल. नवा काढला. मग वाटलं जिवाणूच बदलला असेल, म्हणून पुन्हा बाजारात जाऊन माती आणली. रसायनांच्या बाटल्या बदलल्या. बर्फवाला बदलला. दुसऱ्या बर्फाला बांगड्याचा वास होता, एवढाच काय तो फरक. नळ्या उकळत्या पाण्यात उभ्या करायच्या आणि दहा मिनिटांनी पांढऱ्याच बाहेर काढायच्या, असे पाच आठवडे गेले. मॅग्नेशियम कमी पडतंय का, हा प्रश्न कुणालाही पहिला सुचला असता. मला तो सुचायची शक्यताच नव्हती, कारण मॅग्नेशियम लागत नाही हे मीच तर सिद्ध करून ठेवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगीच नाही.

मावशी दारातून विचारायच्या बंद झाल्या होत्या. एकदा मात्र बादली खाली ठेवून जवळ आल्या.

"बाय, रागावू नको. पण बावीच्या पाण्यात धुवत होते तोवर तुझा रंग येत होता. तू ता डिस्टल चालू केलंस नि गेला बघ."

बाव म्हणजे विहीर. मी वहीतून मान वर केली आणि हसले. चांगलं हसणं नव्हतं ते. म्हटलं, "मावशी, एन्झाइमला विहिरीचं मचूळ पाणी लागतं होय? मग उद्या त्याला नारळ फोडूया."

"माका काय कळता त्यातला? दिसला ता सांगितलंय," म्हणून त्या गेल्या.

त्यानंतर माझ्या डोक्यात एक किडा शिरला. पोरांसमोर मी त्यांना बोलले, त्याचा राग धरून ह्या नळ्यांना साबण ठेवत असतील. साबणाने एन्झाइम मरतं हे मला पुस्तकात सापडलं. सापडणारच, जे हवं ते पुस्तकात सापडतंच. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं झालं होतं, आणि अंगण धुणारी बाई आयती समोर होती. मी मॅडमना सांगितलं. मॅडम घाईत होत्या. म्हणाल्या, "असं असेल तर लेखी दे."

मी लेखी दिलं. चार ओळी. 'काचेची भांडी धुण्यात हयगय होत असून त्यामुळे प्रयोग बिघडत आहेत.' हयगय हा शब्द सुचल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करते. मॅडमनी कागद ऑफिसला पाठवला आणि ऑफिसने तो मावशींच्या फाइलला लावला. कमिटीला तेव्हा आठवडाही उरला नव्हता.

मावशींना हे कळायला एक दिवससुद्धा लागला नाही. शिपाई मंडळींत बातमी पाण्यासारखी पसरते. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं आता भांडतील, आणि त्याची मी तयारीही केली होती. त्यांनी नुसतं विचारलं, "मी साबण ठेवतंय असा तुका वाटता?"

"मला काही वाटत नाही. रंग येत नाही एवढं दिसतंय."

"मग माझ्या डोळ्यांदेखत करून बघ. मी धुतंय. अर्ध्या बावीच्या पाण्यान्, अर्ध्या तुझ्या पाण्यान्. बघ काय होता ता."

मी तयार झाले. का, तर त्यांना खोटं पाडायला. दुसरा कसलाही उदात्त हेतू नव्हता. मावशींनी बारा नळ्या धुतल्या. सहा लाल नळाखाली विसळल्या, सहा डिस्टिल्ड पाण्याने. ओव्हनमध्ये सुकवून झाल्यावर मी सगळ्यांत एकच रस आणि एकच आम्ल घातलं, आणि दुपारी तीनच्या सुमारास त्या उकळत्या पाण्यात उभ्या केल्या. मावशी स्टुलावर बसल्या होत्या. स्टुलावर बसायची त्यांना परवानगी नव्हती, पण त्या दिवशी बसल्या.

सातव्या मिनिटाला लाल नळाच्या सहा नळ्यांत रंग चढायला लागला. दहाव्या मिनिटाला तर बघायला चष्मा लावायचीही गरज उरली नव्हती. शेजारच्या सहा नळ्या पांढऱ्याच होत्या.

"सोलां इली," मावशी म्हणाल्या. आवाजात विजयबिजय काही नव्हता. सुटका झाल्यासारखं वाटत होतं फक्त.

मी कपाटातून मॅग्नेशियमची बाटली काढली. पांढऱ्या नळ्यांसारख्याच स्वच्छ धुतलेल्या दुसऱ्या नळ्या घेतल्या आणि त्यांत तोच रस, तेच आम्ल आणि वर चिमूटभर मॅग्नेशियम विरघळवून घातलं. अर्ध्या तासाने त्याही गुलाबी झाल्या. आता सगळंच उघड होतं. खाडीकाठच्या मचूळ पाण्यात मॅग्नेशियम भरपूर. नळीत राहिलेला थेंब ओव्हनमध्ये वाळायचा आणि त्याचा पांढुरका डाग तळाशी उरायचा. माझ्या एन्झाइमला तेवढा डाग पुरत होता. धातूची गरज नसलेलं ते नवीन एन्झाइम कधी नव्हतंच. मी मॅग्नेशियम 'न घातलेल्या' प्रत्येक नळीत मावशींच्या धुण्याने ते आधीच येऊन बसलेलं होतं.

खरं कारण सापडल्यावर माणसाला आनंद होतो, असं शास्त्राच्या पुस्तकांत म्हणतात. मला तो झाला नाही. दोन गोष्टी एकदम समोर दिसत होत्या, परिषदेतलं माझं नाव आणि मावशींची फाइल. त्यात आधी कुठली दिसली ते सांगायला नको वाटतं, पण सांगते. आधी परिषद दिसली.

संध्याकाळी मॅडमना भेटले. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "बरं झालं, तिकडे जाऊन हसं होण्याआधी कळलं. मी गोषवारा मागे घेते. पण तुला हे सुचलं कसं?"

"मी भांडी विसळायचं पाणी बदलून पाहिलं," मी म्हणाले.

'मी' हा शब्द तोंडातून इतक्या सहज निघाला, की मागे घ्यायला जागाच राहिली नाही. मॅडमनी मान हलवली. "हुशार आहेस. आता ती तक्रारही मागे घे. लेखी. शनिवारी कमिटी आहे."

त्या रात्री मी काही जागले नाही. झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये बसून पत्र लिहिलं आणि ते चांगलं लिहिलं. 'दिलेली तक्रार चुकीची होती. चूक माझी आहे. प्रयोग का बिघडतो याचं कारण मावशींनी मला आधीच सांगितलं होतं, मी ते ऐकलं नाही. त्यांच्या कामात कोणताही दोष नाही.' ते घेऊन ऑफिसात गेले. हेडक्लार्क भला माणूस होता. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

"हे असं देऊ नका. 'चूक माझी' लिहिलंत तर उद्या तुमच्याच रजिस्ट्रेशनच्या फाइलला लागेल. खोटी तक्रार केली म्हणून कुणी विचारलं तर? 'गैरसमजातून' लिहा. तक्रार मागे आली, झालं. मावशींचंही काम होतंय, तुमचंही."

मी उभी राहून विचार केला. फार वेळ नाही केला. त्याच्याच टेबलावर कागद घेऊन लिहिलं, 'सदर तक्रार गैरसमजातून झाली असल्याने मागे घेत आहे.' मॅडमनी त्यावर सही केली आणि पत्र फाइलमध्ये गेलं. पहिलं पत्र मी चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मावशी बाहेर जिन्यात वाट बघत थांबल्या होत्या. "दिलंस? काय लिवलंस ता वाच ना. माका ऐकूचा हा."

माझ्या हातात नव्या पत्राची कार्बन कॉपी होती. निळसर, पुसट अक्षरांची. मावशींना वाचता येत नव्हतं. मी कागद समोर धरला आणि वाचलं. 'दिलेली तक्रार चुकीची होती. चूक माझी आहे. प्रयोग का बिघडतो याचं कारण मावशींनी मला आधीच सांगितलं होतं, मी ते ऐकलं नाही.' डब्यात टाकलेलं पत्र मला तोंडपाठ होतं. एकही शब्द अडला नाही. नजर तेवढी मी कागदावरच ठेवली होती.

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "असा लिवलंस? स्वतःचा नाव घेऊन?" त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. साबणाने पांढरीफटक पडलेली बोटं. "आता कायम करूं दे नाय तर नको करूं दे. तू खरां बोललंस, माका पुरे झाला."

तिथेच, त्या जिन्यात, मला पुन्हा ऑफिसात जाता आलं असतं. शनिवारला तीन दिवस होते. मी स्वतःला समजावलं की कमिटीला काय, तक्रार मागे आल्याशी मतलब. हे मी तिन्ही दिवस समजावत होते, यावरूनच ओळखा.

शनिवारी कमिटी बसली. सोमवारी हेडक्लार्कने मला बाजूला घेऊन सांगितलं. तो बिचारा खजील झाला होता. फाइल उघडल्यावर कुणीतरी विचारलं, आधी हयगय होते म्हणून लेखी, मग गैरसमज म्हणून लेखी, म्हणजे नक्की काय? गैरसमज कसला ते कुठे लिहिलंय? बाईने हातापाया पडून पत्र मागे घ्यायला लावलं असणार. नऊ वर्षं थांबलीय, अजून एक वर्ष काम बघूया. प्रकरण पुढच्या वर्षावर टाकलं, आणि पुढच्या वर्षी पंचेचाळीस उलटलेली.

हेडक्लार्क म्हणाला, "पहिलं पत्र असतं तर..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

मावशी त्यानंतर वर्षभर होत्या. नळ्या तशाच धुवायच्या, तीनदा. मी आता प्रत्येक नळीत मोजून मॅग्नेशियम घालत होते आणि रोज न चुकता गुलाबी रंग येत होता. आकडे सुंदर जमत गेले. प्रबंधात मी एक अख्खं प्रकरण मॅग्नेशियमवर लिहिलं. परीक्षकांनी तेवढंच वाचून पसंतीची मान हलवली म्हणे. त्या प्रकरणात 'विसळण्याच्या पाण्यातील अशुद्धी' असा उल्लेख आहे. ती कुणाच्या लक्षात आली, ते नाही.

माझा निकाल लागला त्याच आठवड्यात मावशी काम सोडून चालल्या होत्या. कांदिवलीच्या एका प्रसूतिगृहात कपडे धुवायचं काम मिळालं होतं. मी पेढे घेऊन लॅबमध्ये गेले तेव्हा मॅडम होत्या, नव्याने लागलेल्या दोन बाया होत्या, आणि मावशी त्या दोघींना नळ कुठला, ब्रश कुठले, ते दाखवत होत्या. मला बघून त्यांनी हाक मारली आणि माझा हात धरून त्या बायांपुढे उभं केलं.

"हिका बघून ठेवा," त्या म्हणाल्या. "शिकलेली माणसां आपली चूक कधी कागदावर लिवत नाय. ह्या पोरीन् लिवली. माझ्यासाठी. सही करून दिल्यान्. साहेबांनीच वाचला नाय नीट, त्याका ही काय करतली?"

मॅडमनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पत्रावर माझ्या सहीखाली त्यांची सही होती. त्यात काय लिहिलंय हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. मॅडम काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबले. मी बोलेन म्हणून त्या वाट बघत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

मी मावशींच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी तो मधोमध मोडला आणि अर्धा माझ्या तोंडात घातला. मी तो खाल्ला.